बसायची जागा

सातारच्या सरकारी शाळेच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढलं. वर्गात या मुलाची जागा ठरलेली होती: बाकीच्यांपासून लांब. खाली अंथरायला तरटाचा तुकडा त्यानं घरून आणायचा आणि शाळा सुटली की गुंडाळून परत घरी न्यायचा, कारण वर्ग झाडणारा नोकर त्या तरटाला हात लावत नसे. तहान लागली तर बाकीची मुलं मास्तरांना विचारून नळावर जात. याच्यासाठी मात्र शिपायानं येऊन नळ सोडावा लागे. शिपाई नसला की पाणी नाही. बाबासाहेबांनी ही आठवण पुढे स्वतःच लिहून ठेवली. त्या वर्गात कोणते धडे झाले, हे आज कुणी सांगू शकणार नाही. पण तरटाचा धडा वर्गातल्या प्रत्येक मुलानं रोज गिरवला होता: तरटावर बसणाऱ्यानंही आणि त्याच्याकडे लांबून पाहणाऱ्यांनीही.

लहान मुलांना समता कशी शिकवावी, हा प्रश्न आज मोठमोठ्या धोरणांमध्ये मांडला जातो. महाराष्ट्रात तो फार आधी आणि फार साध्या रूपात उभा राहिला होता. मूल कुठं बसणार? कुणाच्या शेजारी? आणि त्या जागेपर्यंत ते पोचणार कसं?

बिगरीच्या वर्गात पाटीवर अक्षरं गिरवणारी मुलं बहुतेक पांढरपेशा घरांतली असत. फुले दांपत्यानं १८४८ पासून पुण्यात मुलींसाठी आणि पुढे अस्पृश्य मानलेल्यांसाठी शाळा काढल्या. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्याच शाळेत घेण्याचा हुकूम काढला. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकी सांगितली जात नाही, ती सांगायला हवी. सक्तीमुळे मूल शाळेच्या दारापर्यंत येतं. आत गेल्यावर ते कुठं बसणार, हे या दुसऱ्या हुकमानं ठरवलं.

पण ही सगळी चर्चा सहा वर्षांपुढच्या मुलांची. त्याआधीचं मूल म्हणजे आईच्या पदराशी, आजीच्या मांडीवर, नाहीतर थोरल्या बहिणीच्या कडेवर. जात, विटाळ, मुलगा आणि मुलगी यांतलं अंतर हे सारं त्याच वयात अंगात भिनतं, हे घराघरांत दिसत होतं. तरी त्या वयासाठी शाळेनं काही करावं, असं फारसं कुणाच्या मनात नव्हतं.

ते मनात आलेली बाई बाबासाहेबांच्याच पिढीतली होती, त्यांच्याहून एका वर्षानं लहान. ताराबाई मोडक, माहेरच्या केळकर. जन्म १८९२, घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं, १९१४ ची मुंबई विद्यापीठाची पदवी. राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयात त्या प्राचार्य होत्या. ती मानाची नोकरी सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गेल्या, वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेकांकडे. गिजुभाईंनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर उघडलं होतं. अडीच ते सहा वर्षांची मुलं तिथं आपापल्या मनानं काम निवडत. छडी नाही, बक्षीसही नाही. गिजुभाईंना चढाओढ मान्य नव्हती. एका मुलाला पुढं काढलं की दुसरं मागं पडतं आणि तेवढंच लक्षात ठेवतं, हे त्यांना दिसत होतं. गुजरातनं त्यांना प्रेमानं नाव दिलं ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई. बालसंगोपन हे बाईचंच काम, या समजाला त्या एका नावानं जेवढा धक्का दिला असेल तेवढा पुष्कळ व्याख्यानांनी दिला नसेल.

गिजुभाईंची प्रेरणा होत्या इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी. मॉन्टेसरींचं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत सुरू झालं. आईबाप कामावर गेले की चाळीत उनाडणाऱ्या पोरांसाठी ती जागा होती. पण मॉन्टेसरीचं शिक्षण समुद्र ओलांडून इकडं आलं ते महागडं होऊन. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत चढत जाणारे दहा गुलाबी ठोकळे, कमीजास्त जाडीचे लाकडी दट्टे, रंगांच्या पट्ट्या: हे सगळं काटेकोर मापाचं लागे, आणि काटेकोर मापाला पैसे पडत. त्यामुळे ही साधनं शहरातल्या सुस्थितीतल्या घरांतल्या मुलांच्या हाती गेली. गांधीजी १९३१ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनला मॉन्टेसरींच्या प्रशिक्षण वर्गात गेले. हे शिक्षण केवळ धनिकांच्या मुलांना नाही, तर कंगालांच्या मुलांनाही मिळावं, अशी आशा त्यांनी तिथल्या भाषणात बोलून दाखवली.

गिजुभाई आणि ताराबाईंनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला होता. भावनगर सोडल्यावर ताराबाईंनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केलं. तिथं मुलं शिकत, शिक्षिकाही घडत. मध्यमवर्गीय दादरनं ही शाळा मनापासून उचलून धरली. दुसरं कुणी असतं तर आयुष्याचं काम झालं असं मानून तिथंच थांबलं असतं. ताराबाईंच्या मनाला मात्र एक गोष्ट लागून राहिली होती: आपण ज्यांना शिकवतो, ती मुलं आपल्यावाचूनही शिकली असती.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या.

बोर्डी म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याचं, आताच्या पालघरचं, गुजरातच्या सीमेजवळचं समुद्रकाठचं गाव. सुरूची झाडं आणि चिकूच्या बागा. गावात आचार्य भिसे यांच्यासारखे ध्येयवेडे शिक्षक होते, नावाजलेली शाळा होती. गावाच्या कडेला हरिजनवाडा होता आणि आतल्या डोंगराळ भागात वारली आदिवासींचे पाडे. ते वर्षही साधं नव्हतं. त्याच वर्षी, त्याच मुलखात, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकारानं वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघंही सावकाराकडे राबायला बांधली जात. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच आदिवासी ठार झाले. आईबापच जिथं गहाण, तिथल्या तीन वर्षांच्या मुलाला शाळेची वाट कोण दाखवणार?

ताराबाईंच्या सोबतीला अनुताई वाघ आल्या. त्या मोरगावच्या, जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आलं. रडत बसण्याऐवजी त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्याला हुजूरपागेत वर्षानुवर्षं शिकवलं. कस्तुरबा ट्रस्टच्या १९४५ मधल्या बोरिवलीच्या शिबिरात ताराबाईंची गाठ पडली आणि पुण्याची नोकरी मागं राहिली. आयुष्याची पुढची सत्तेचाळीस वर्षं त्यांनी या कामाला दिली.

बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी एवढ्या लांब आलो ती मुलं येईनात. वाड्यातलं मूल गावातल्या बालवाडीत येऊन कसं बसणार? ते अंतर पावलांनी मोजण्यासारखं नव्हतं. इथं ताराबाईंनी जे ठरवलं, ते आज वाचताना अगदी सोपं वाटतं. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी मुलाच्या दारात जाईल. शिक्षिकेनं वस्तीत जायचं, सारवलेल्या अंगणात पोरं गोळा करायची आणि तिथंच शाळा मांडायची. त्या शाळेला नाव मिळालं अंगणवाडी.

या शब्दापाशी जरा थांबावंसं वाटतं. बोर्डी-घोलवडच्या बाजूला ‘वाडी’ म्हणजे बाग, चिकूची वाडी, नारळाची वाडी. ती मालकाची असते. वारली तिथं मजुरीला जातो. बालवाडी या शब्दातही बागेचीच कल्पना आहे, मुलांना रोपांसारखं वाढवण्याची. पण तीही कुणीतरी आखलेली, कुंपण घातलेली जागा. ‘अंगणवाडी’त ही बाग मालकाकडून निघते आणि मुलाच्या अंगणात येते. इथं पाहुणं मूल नसतं, बाई असते. ताराबाईंच्या मनात हे सगळं असेलच असं नाही, पण मराठी कानाला ते त्या शब्दात ऐकू येतं.

अंगणात गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा कुठून येणार? बोर्डीच्या किनाऱ्यावर शंख-शिंपले होते, गोटे होते. रानात बिया, पानं, काटक्या, बांबू होते. माती तर हवी तितकी. लहानमोठं, जडहलकं, गुळगुळीत-खरखरीत हे सगळे भेद या वस्तूंनी शिकवता येतात, आणि मूल त्यांना आधीपासून ओळखतं. पैशाची बचत हा त्यातला लहान फायदा. मोठा फायदा असा, की पाड्यावरच्या मुलाच्या हाताला जे रोज लागतं, त्यालाच शाळेत शिकण्याचं साधन म्हणून मान मिळाला. दादरचं मूल चकचकीत ठोकळ्यांपाशी हुशार दिसायचं; इथं चिंचोके आणि गोट्यांपाशी वाड्यातलं आणि पाड्यावरचं मूल हुशार दिसू लागलं.

अंगणात पहिलं काम स्वच्छतेचं असे. मुलांना आंघोळ घालायची, नखं काढायची, केस विंचरायचे. यात एक धोका आहे आणि तो झाकू नये. ‘तुम्ही घाणेरडे आहात, आम्ही स्वच्छ करायला आलोय’ हा सूर सुधारणेच्या कामात नकळत शिरतो आणि मुलाला तो लगेच कळतो. या कामाला त्या सुरापासून वाचवलं ते हातांनी. ज्या वस्तीतल्या माणसाच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, तिथल्या पोराच्या डोक्यावरून शहरातून आलेल्या शिक्षिकेचा हात रोज फिरत होता. समतेवर एक अक्षरही न बोलता त्या मुलाला जे कळलं, ते सातारच्या वर्गाच्या नेमकं उलट होतं.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम बोर्डीहून आत, कोसबाडच्या टेकडीवर हललं. इथं नवीन अडचण उभी राहिली आणि ती मुलींची होती. वारली घरात आईबाप पहाटे कामाला गेले की सहा-सात वर्षांची मुलगी घर सांभाळते. कडेवर धाकटं भावंड, मागं त्याच्याहून थोडं मोठं दुसरं. अशा मुलीला पहिलीच्या वर्गात बोलवायचं तर कडेवरच्या बाळाचं काय करायचं? ‘मुलगी शिकवा’ असं आईबापांना सांगून हा प्रश्न सुटणारा नव्हता. ताराबाई आणि अनुताईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. कडेवरचं बाळ पाळणाघरात, मधलं बालवाडीत आणि बहीण शाळेत. मधल्या वेळेत तिनं जाऊन बाळाला पाहून यावं. या सगळ्याला नाव दिलं विकासवाडी.

मुलग्यांची अडचण निराळी. ते गुरांमागं रानात जात. मग शाळा गुरांमागं गेली. कुरणशाळा म्हणतात ती हीच. गुरं चरत असताना झाडाखाली शिक्षक मुलांना घेऊन बसे. मोजायला बैल होते, नावं सांगायला झाडं आणि पाखरं होती, आणि त्यातली बरीचशी नावं मुलांनाच शिक्षकापेक्षा जास्त माहीत होती. ज्याला शिकवायचं त्याच्याकडूनही शिकायचं, ही गोष्ट पुस्तकात लिहायला सोपी आणि वर्गात आचरायला अवघड. कुरणात मात्र तिच्यावाचून शिक्षकाचं चालतच नव्हतं.

भाषेचंही तसंच. वारली बोली मराठीच्या जवळची आहे, पण सहा वर्षांच्या मुलाला हे जवळचेपण उपयोगाचं नसतं. पुस्तकातलं पुणेरी वाक्य त्याला परकं असतं, आणि आपण जे बोलतो ते चूक आहे हे मात्र त्याला पहिल्याच दिवशी कळतं. पुढे १९८२ मध्ये अनुताई आणि रमेश पानसे यांच्या पुढाकारानं ग्राममंगल ही संस्था उभी राहिली. डहाणू तालुक्यातल्या ऐन्यासारख्या आदिवासी गावात तिनं घरची बोली आणि शाळेची भाषा यांमधला पूल बांधण्याचं काम पुढं नेलं. आज नव्या शैक्षणिक धोरणात मातृभाषेचा आग्रह आहे. त्याची पाळंमुळं डहाणूच्या डोंगराळ पाड्यांतही सापडतात.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७३ च्या ऑगस्टअखेर त्या गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू केली. तिच्या केंद्रांना नाव दिलं अंगणवाडी. ठाणे जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात एका मराठी बाईनं रूढ केलेला शब्द हिंदीत गेला, देशभरच्या सरकारी कागदांवर चढला. आज देशात तेरा लाखांहून जास्त अंगणवाड्या आहेत. तो शब्द बोर्डीहून निघाला, हे त्यातल्या फार थोड्या ताईंना कुणी सांगितलं असेल, याची खंत वाटते.

शब्द सगळीकडे पोचला, अर्थ वाटेत पातळ झाला. सरकारी अंगणवाडीकडे सहा कामं आली: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरजेप्रमाणे दवाखान्यात पाठवणं, आयांना आहार-आरोग्याचं शिक्षण, आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. कुपोषणाच्या देशात आहाराला पहिलं स्थान मिळालं ते योग्यच. पण ताईंच्या दिवसातले तास तेवढेच राहिले. वजनं घ्यायची, रजिस्टरं भरायची, गृहभेटी करायच्या, मोबाइलवर माहिती चढवायची आणि उरलेल्या वेळात गाणी-गोष्टी घ्यायच्या. त्यांच्या हाती येतं ते वेतन नाही, मानधन. आपल्याला ग्रॅच्युइटी मिळते की नाही हे ठरायला त्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२२ च्या निकालाची वाट पाहावी लागली. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या, तो संप पन्नास दिवसांच्या आसपास चालला. मुलांना समता शिकवायचं काम जिच्यावर सोपवलं, तिचीच शिक्षिका म्हणून गणना होत नाही, हे अनुताईंनी कधीच मान्य केलं नसतं.

जागेचा प्रश्नही संपला नव्हता. अंगणवाडी गावठाणात, मारुतीच्या देवळाजवळ असली आणि दलित वस्ती ओढ्यापलीकडे असली, तर तीन वर्षांचं मूल पलीकडून येणार कसं? डिसेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अन्नाच्या हक्काच्या खटल्यात आदेश दिला: अंगणवाड्यांची संख्या १४ लाखांपर्यंत न्या, दलित-आदिवासी वस्त्यांना आधी द्या, आणि जिथं सहा वर्षांखालची चाळीस मुलं असतील त्या वस्तीनं मागितली की तिथं अंगणवाडी उघडा. ताराबाईंनी त्याच्या साठ वर्षं आधी पायी चालून जे केलं होतं, ते आता न्यायालयाच्या कागदावर आलं. शाळेतल्या माध्यान्ह भोजनाबाबत याच न्यायालयानं २००४ मध्ये स्वयंपाकाच्या कामात दलित स्त्रीपुरुषांना प्राधान्य द्यायला सांगितलं होतं. कुणाच्या हातचं खायचं आणि पंगतीत कुणाशेजारी बसायचं, हा पाठ पाटीपेक्षा ताटात लवकर शिकला जातो.

मुलगा आणि मुलगी यांच्या कामांचे पाठ चित्रांतून होत राहिले. आई चुलीपाशी, बाबा वर्तमानपत्र घेऊन, ताई केर काढतेय, दादा चेंडू खेळतोय: ही चित्रं पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी रंगवली. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पुस्तकात आईसोबत बाबाही भाजी निवडताना दिसले आणि त्याची बातमी झाली. बातमी झाली यावरूनच ती चित्रं किती उशिरा बदलली हे कळतं.

या साऱ्या काळात एक मोठी फाटाफूट मात्र गावोगाव, गल्लोगल्ली झाली. कोठारी आयोगानं १९६६ च्या अहवालात शेजारशाळेची कल्पना मांडली होती: एका वस्तीतली सगळी मुलं, श्रीमंत असोत की गरीब, एकाच शाळेत. घडलं ते उलट. तालुक्याच्या गावातसुद्धा नर्सरी आणि केजीच्या पाट्या लागल्या. ज्याला तिथली फी परवडते, तो मुलाला गणवेश घालून रिक्षात बसवतो. ज्याला परवडत नाही, त्याचं मूल अंगणवाडीत जातं. सान लोरेन्झोच्या गरीब चाळीतून निघालेली मॉन्टेसरी आज शहरात सुखवस्तू घरांची शाळा म्हणून ओळखली जाते, आणि अंगणवाडी गरिबांची. तीन वर्षांच्या वयातच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. कुणी तरट अंथरत नाही, पण शेजारी बसायला दुसऱ्या घरातलं मूलच नसतं.

शिक्षण हक्क कायद्यानं २००९ मध्ये यावर एक उपाय ठेवला. खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात निदान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या; शाळेला पूर्वप्राथमिक वर्ग असेल तर तिथपासूनच. सोसायटीतल्या डॉक्टरचं मूल आणि त्याच सोसायटीतल्या वॉचमनचं मूल एका बाकावर बसू शकतं ते या कलमामुळे. महाराष्ट्र सरकारनं ९ फेब्रुवारी २०२४ रोजी नियम बदलले: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट. पालक न्यायालयात गेले. मे महिन्यात उच्च न्यायालयानं बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो बदल रद्द केला. जून उलटून गेला होता, वर्ग सुरू झाले होते, आणि त्या जागांवरची मुलं अजून घरी होती.

त्याच दिवसांत राज्यातल्या लाखभर अंगणवाड्यांमध्ये ताई रोजच्यासारख्या सतरंजी घालून बसल्या होत्या. तिथं जागा होती. खासगी शाळेतल्या पाव हिश्श्यासाठी लोक न्यायालयात भांडत होते. या सतरंजीवर आपल्याही मुलाला बसू द्या, असा अर्ज मात्र कुठल्याच सुखवस्तू घरातून आला नव्हता.